पाडव्याचा गॅस

अकोल्याच्या जठारपेठेत पार्बताबाई बोळे यांचं फुलांचं दुकान आहे. तिथं उभं राहून "फुलं ताजी आहेत ना?" असं विचारणारा माणूस पुन्हा आयुष्यात तो प्रश्न विचारत नाही. बाई त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत अशा न्याहाळतात, की त्याला स्वतःचाच शर्ट शिळा वाटू लागतो. "ताजी कायची? तुह्यासाठी मुद्दाम शिळी ठेवली. घेऊन जाय," असं म्हणून त्या हार त्याच्या हातात कोंबतात. तो मुकाट घेऊन जातो, कारण फुलं खरंच ताजी असतात.

बाईंच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. एक बह्याड, म्हणजे मूर्ख, आणि दुसरी अजून बह्याडपणा उघडा न पडलेली. नगरसेवक बह्याड, त्याला निवडून देणारे त्याहून बह्याड, लग्नात स्टेजवर प्लास्टिकची फुलं लावणारे तर माणसांतच जमा नाहीत. दिवंगत नवऱ्याचाही नंबर पहिल्या प्रकारात लागला होता, आणि तो मेल्यावरही बाईंनी त्याला बढती दिली नाही. फुलं ठेवायला दुकानामागे थंड खोली बांधायची बाईंनी काढली, तेव्हा हा गृहस्थ म्हणाला होता, "फुलांले कायची आली खोली?" झालं, कायमचा बाद!

ती खोली बाईंनी बांधलीच. जाड पांढऱ्या पत्र्यांच्या भिंती, रबराची पट्टी लावलेलं दार, वर गुरगुरणारं यंत्र. तिला सगळी पेठ 'थंडी' म्हणते. "झेंडू थंडीत ठेव", "थंडीतून शेवंती काढ", असं दिवसभर चाललेलं असतं. थंडी येण्याआधीचे दिवस बाई विसरलेल्या नाहीत. मळ्यातून पहाटे तोडून आणलेली फुलं दुपारपर्यंत मान टाकायची, आणि संध्याकाळी ती गुरांपुढे टाकली तर गुरंही तोंड फिरवायची. अंगाखांद्यावर वाढवलेलं फूल गुरानं नाकारलेलं बघणं सोपं नसतं. त्या दिवसांची बाईंना अजून धास्ती आहे. आयुष्यात दुसऱ्या कशालाच त्या घाबरल्या नाहीत.

बह्याडांच्या या जगात एकच माणूस बाईंनी वेगळा काढून ठेवला होता. तो म्हणजे त्यांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, चंदन. बाईंना स्वतःचं मूल नव्हतं. चंदनला त्यांनी वाढवला, आयटीआयला घातला, फ्रीज-एसीचा मेकॅनिक केला. लग्न झाल्यावर तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला, स्वतःचं दुकान थाटलं, आणि मग थाटलेल्या दुकानदाराला मावशीकडे यायला जितकी सवड मिळते तितकीच त्याला मिळू लागली. पण पाडवा त्यानं कधी चुकवला नाही. पाडव्याला थंडीत गॅस भरायचा असे.

तो एक सोहळाच होता. सकाळी दुकानावर गुढी उभी राही. गाठ्या आणि कडुनिंब घेणाऱ्यांची झुंबड ओसरली, की दुपारी चंदन गाडीवर सिलिंडर बांधून हजर. आधी तो यंत्राच्या नळीची चावी सैल करी, आणि फुस्स करून राहिलेला गॅस आभाळात सोडून देई. "हा शिळा गॅस, मावशी. याच्यावर नवा भरून जमत नाई." बाईंना हे शंभर टक्के पटे. मडक्यातलं कालचं पाणी ओतून दिल्याशिवाय आजचं भरायचं नाही, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं, आणि शिळ्यावर ताजं ओतणाऱ्या बाईला त्या आयुष्यभर गलिच्छ म्हणत आल्या होत्या. यंत्राला तरी शिळं कशाला? मग ताजा गॅस भरला जाई, यंत्राला कुंकू लागे, नारळ फुटे. चंदनला पाट मांडून पुरणाची पोळी वाढली जाई, वर तुपाची धार. तो जेवत असताना बाई समोर बसून पेठेतल्या यच्चयावत माणसांची पिसं काढत. वर्षातून तेवढी एक दुपार त्यांचा आवाज मऊ असे.

गॅसबद्दल बाईंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. स्टोव्हमध्ये रॉकेल जळतं, तसा थंडीत गॅस जळतो. वर्षभर गारवा दिला की संपतो. इतकं साधं कुणाला कळत नाही याचं त्यांना नवल वाटे. शेजारी शकुनचं दूध-दह्याचं दुकान आहे. तिचा जुनाट फ्रीज कैक वर्षं गॅस न भरता चालत होता. "बिना गॅसचा फ्रीज चालवून राहिली, बह्याड कुठची," असं बाई भर गिऱ्हाइकांत बोलत. "एक दिवस सगळं दूध नासंन, मंग येईन रडत." शकुनचं दूध काही नासलं नाही. बाईंनी त्याचा अर्थ 'अजून नासलं नाही' असा लावला होता.

तर अशा या पार्बताबाईंकडे, दिवाळी होऊन गारठा पडायला लागला होता तेव्हा, चंदन अवचित उगवला. पायांत नवे बूट, खिशाला बिल्ला.

"पाडवा कुठं अन् तू कुठं?" बाई म्हणाल्या. "घरी भांडन झालं काय?"

"नाई मावशी. मोठं काम हाय. सरकार गॅस बंद करून राहिलं."

झालं होतं ते असं. काही जातींच्या गॅसमुळे आभाळाचं आणि हवामानाचं नुकसान होतं, म्हणून सरकारनं नव्या नियमांचा मसुदा काढला होता. जुने गॅस हळूहळू कमी करत न्यायचे. मधल्या काळात कुणी गॅस हवेत सोडायचा नाही. आणि भरायच्या आधी गळती शोधून ती बुजवायची. कुणाचं काही म्हणणं असेल तर त्यांनी अमरावतीला सुनावणीत येऊन मांडावं. यातलं पहिलं तेवढं चंदननं मावशीला सांगितलं, तेही 'हळूहळू' हा शब्द गाळून. बाकीचं सांगायचं राहून गेलं.

आणि या मसुद्यानं गॅसवाल्यांची पाचावर धारण बसली होती! अकोला-अमरावतीच्या गॅसविक्रेत्यांची आणि मेकॅनिकांची एक संघटना आहे. एरवी ती वर्षातून एकदा सहलीला जाते आणि तिथं पदाधिकारी एकमेकांना शाली घालतात. ती खडबडून जागी झाली. अध्यक्ष श्यामशेट हे गॅसचे घाऊक व्यापारी. त्यांनी एका हॉटेलात बैठक घेतली, पनीर खाता खाता देशाच्या भवितव्याची चिंता वाहिली, आणि ठरवलं की आपण व्यापारी म्हणून बोललो तर कुणी हिंग लावून विचारणार नाही. गरीब पाहिजे. शक्यतो बाई पाहिजे. विधवा असली तर फारच उत्तम. तेव्हा नवे सचिव, म्हणजे चंदन, उठून म्हणाले होते, "माही मावशी हाय."

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ऐकू आलं, की गॅस बंद. म्हणजे थंडी बंद. म्हणजे पुन्हा गुरांपुढे फुलं.

"कोन्या बह्याडानं काढलं हे?" त्यांनी विचारलं, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "मी येतो अमरावतीले. सांगतो त्याले."

ठरल्या दिवशी बस निघाली. बसमध्ये श्यामशेटनी ठिकठिकाणाहून वेचून आणलेली दुःखं बसली होती. एक कुल्फीवाला होता, एक औषधांचा दुकानदार होता, आणि बर्फाच्या कारखान्याचे एक मालक होते. हे मालक सगळ्यांत जास्त तावातावानं बोलत होते. त्यांच्या कारखान्यात अमोनिया चालतो, या गॅसशी त्यांचा काडीचा संबंध नाही, हे बडनेरा येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आल्यावरही कुणी त्यांना उतरवलं नाही. बोलणारा माणूस फुकट मिळत असेल तर कोण उतरवतो?

मूर्तिजापूर सोडल्यावर श्यामशेट मधल्या वाटेत उभे राहिले आणि तालीम घेऊ लागले. कुणी काय बोलायचं, कुठं थांबायचं, कुठं आवाज कापरा करायचा. पार्बताबाईंपाशी आल्यावर ते जरा चाचरले. बाई हिरव्यागार काठाचं कडक इस्त्रीचं लुगडं नेसून, नाकात नथ घालून बसल्या होत्या.

"बाई, साधं लुगडं नेसून या म्हनलं होतं न."

"साधंच हाय. चांगलं तं पाडव्याले नेसतो मी."

"तसं नाई. तुमी बोलाल तवा डोळ्यांत पानी आलं पाह्यजे. सायबांच्या काळजाले हात घालायचा."

"मंग कांदा दे आनून," बाई म्हणाल्या. "अन् सायबाच्या काळजाले मी कायले हात लावू? डॉक्टर हावो काय मी?"

कुल्फीवाला खो खो हसला. श्यामशेटनी चंदनकडे असं पाहिलं, की ही तुझी गरीब मावशी? चंदन खिडकीबाहेर कपाशी बघू लागला.

अमरावतीला गॅस बनवणाऱ्या कंपनीचे साहेब भेटले. ते मुंबईहून आले होते, टाय लावून. सुनावणीच्या आधी झाडाखाली सगळ्यांना डबे वाटले गेले, तेव्हाही ते आपल्या मोटारीत एसी लावून बसले होते, मोटार चालू ठेवून, भर हिवाळ्यात. श्यामशेट काचेशी वाकून वाकून त्यांच्याशी बोलत होते. शेवटी साहेबांनी काच चार बोटं खाली केली आणि डबा आत घेतला. बाई हे सगळं बघत होत्या. "याले हिवाळ्यातबी उन्हाळा लागते तं हा जलमला कायले?" असं त्यांनी कुल्फीवाल्याला विचारलं.

सुनावणी एका सरकारी सभागृहात होती. समोर टेबलाशी अधिकारी बाई बसल्या होत्या, प्रियदर्शनी वानखडे. शांत, चष्मा लावलेल्या, प्रत्येकाचं ऐकून घेणाऱ्या. इतकं ऐकून घेण्याची ताकद पार्बताबाईंनी आजवर एकाही माणसात पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांनी मॅडमना तूर्त दुसऱ्या प्रकारात टाकलं.

मग जी भाषणं झाली! औषधवाला म्हणाला, लसी खराब होतील आणि लेकरं मरतील. आदल्याच महिन्यात त्याच्या दुकानातला फ्रीज चार दिवस बंद होता, तेव्हा लेकरांची आठवण त्याला झाली नव्हती. बर्फवाले मालक म्हणाले, आपल्या संस्कृतीत थंडाव्याला महत्त्व आहे. एक जण म्हणाला, आमचा नियमांना विरोध नाहीच, फक्त वेळ चुकली आहे, तेव्हा थोडी मुदत द्या. थोडी म्हणजे किती, असं मॅडमनी विचारलं, तर त्यानं जो हिशेब सांगितला त्यात त्याच्या नातवंडांची लग्नं उरकली असती. दुसरा म्हणाला, संत्रा सडेल. तिसरा म्हणाला, बेकारी वाढेल. सगळ्यांना अचानक देश दिसू लागला होता. आपल्या दुकानाच्या पायरीपलीकडे ज्यांनी कधी पाहिलं नाही, ते हिमालयापासून बोलत होते.

मग कंपनीचे साहेब उठले. त्यांचं मराठी मोजकं आणि गुळगुळीत होतं.

"मॅडम, मूळ मुद्दा लक्षात घ्या. हा गॅस यंत्रात बंदिस्त असतो. तो जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो, वर्षानुवर्षं. एकदा भरला की यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. जो बाहेरच येत नाही, तो आभाळाला इजा कशी करील?" एवढं बोलून त्यांनी जाता जाता सांगितलं, की दुसऱ्या एका कंपनीचा गॅस मात्र फार घातक आहे आणि तो ताबडतोब बंद करायला हरकत नाही. संघटनेच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. टाळ्या वाजवायच्या असं ठरलेलं होतं.

लगेच श्यामशेट उभे राहिले. आवाज कापरा केला.

"मॅडम, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक यंत्रात दरवर्षी गॅस भरावाच लागते. दरवर्षी! हा गॅस मिळाला नाई तं एका उन्हाळ्यात सगळी यंत्रं बंद पडतील."

पुन्हा टाळ्या. कंपनीच्या साहेबांनीही वाजवल्या.

पार्बताबाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. त्या जन्मभर फुलं निवडत आल्या होत्या. परडीत हात घातला की चांगलं बोटाला लागतं आणि सडकंही बोटालाच लागतं, बघावं लागत नाही. आत्ता तसंच झालं. एकाच बाकावर बसलेले दोघं. एक म्हणतो संपतच नाही, दुसरा म्हणतो दरसाल संपतो. आणि दोघं एकमेकांना टाळ्या वाजवतात!

त्यांना शकुनचा फ्रीज आठवला. न नासलेलं दूध आठवलं. शकुनला भर गिऱ्हाइकांत काय काय बोललो ते सगळं आठवलं. मग ते फुस्स आठवलं. शिळा गॅस. दरसालचं कुंकू, नारळ, ती तुपाची धार.

त्यांनी मान वळवून चंदनकडे पाहिलं. सगळे श्यामशेटकडे बघत होते. चंदन आपल्या नव्या बुटांकडे बघत होता. मावशीला काय कळलं ते त्याला कळलं होतं, आणि तो मान वर करत नव्हता.

"आता आमच्या एक गरीब विधवा भगिनी," श्यामशेट म्हणाले.

"गरीब कोन बे?" म्हणत बाई उठल्या. सभागृहात हशा पिकला. त्या टेबलापाशी गेल्या आणि पदर सारखा करून उभ्या राहिल्या. "मॅडम, मी माह्या थंडीसाठी आलो. फुलांची खोली हाय माही. सरकार ते बंद करून राहिलं असं मले सांगितलं. खरं हाय काय?"

"नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "तुमची खोली चालूच राहील. यंत्र गळत असेल तर आधी गळती बुजवायची, मग गॅस भरायचा. आणि भरताना आधीचा गॅस हवेत सोडायचा नाही. तुमच्यापुरतं सध्या एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांची थंडी वाचली होती. ती कधी धोक्यात नव्हतीच. मागच्या बाकावर मात्र त्यांचा चंदन बसला होता, आणि पुढचं एक वाक्य बोललं की तो बसल्या जागी उघडा पडणार होता.

"मंग लिवा," त्या म्हणाल्या. "हे टायवाले सायेब म्हनतात गॅस संपतच नाई. हे श्यामशेट म्हनतात दरसाल संपते. आत्ता एका जागचे डबे खाल्ले दोघायनं. यातला एक लबाड हाय, नाईतं दोघंही. ते तुमचं तुमी पाहा. पन बह्याड कोन हाय ते मले इचारा. दर पाडव्याले नारळ फोडून, कुंकू लावून ज्यानं गॅस भरून घेतला, ते बह्याड मी. शिळा म्हनून सोडू देत होतो आभाळात. मीच मान डोलवत होतो."

आता कुणी हसलं नाही. कंपनीच्या साहेबांनी टाय सैल केला. श्यामशेट उभं राहावं की बसावं या विचारात अर्धवट वाकून राहिले.

"तुमच्याकडे गॅस कोण भरतं, आजी?" मॅडमनी विचारलं.

बाईंनी पदर पुन्हा सारखा केला.

"हाय एक मेकॅनिक," बाई म्हणाल्या. "त्याचं नाव नाई सांगत. त्याले मी घरी पाह्यतो."

परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. श्यामशेट पुढे ड्रायव्हरपाशी जाऊन पाठमोरे बसले. बाईंना त्यांच्या त्या रागाचं मनापासून हसू आलं. आपलं बिंग स्वतःच्या तोंडानं, माइक धरून, सरकारसमोर फोडायचं आणि वर चिडायचं एका म्हातारीवर! अशा माणसांना फसवायची अक्कल नसते, फसवून घेणारे मिळतात म्हणून त्यांचं चालतं. आणि या विचारापाशी आल्यावर बाईंचं हसू विरलं, कारण ते फसवून घेणारं माणूस कोण, हे त्यांनीच तासाभरापूर्वी सांगितलं होतं.

संध्याकाळी अकोल्यात उतरल्यावर त्या चंदनला एवढंच म्हणाल्या, "चाल."

दुकानात त्यांच्याकडे हार ओवणारी कौशल्या दिवा लावत होती. बाईंनी तिला साबणाचं पाणी करायला सांगितलं. गळती कशी शोधतात हे त्यांनी पेठेतल्या पंक्चरवाल्याकडे हजारदा पाहिलं होतं. फेसाची वाटी त्यांनी चंदनच्या हातात दिली आणि स्वतः विजेरी धरून उभ्या राहिल्या. थंडीच्या नळ्या भिंतीवरून वर जातात, छतापाशी वळतात, मागे यंत्रापर्यंत येतात. जागोजाग सांधे आहेत. बाईंना वाटलं होतं, तास दोन तास शोधावं लागेल. एकेका सांध्यावर फेस लावत जावं लागेल. निदान तसं वाटावं एवढी तरी तो तसदी घेईल.

चंदननं वाटी घेतली, यंत्रामागे हात घातला आणि न बघता एका नटावर फेस लावला. फेसातून बुडबुडे आले, एकामागून एक, बारीक. दुसऱ्या कुठल्याही सांध्याकडे तो गेला नाही. त्यानं पाना काढला आणि नटाला अर्धा फेरा दिला. बुडबुडे थांबले.

बस, अर्धा फेरा! इतक्या पाडव्यांचं सगळं त्या अर्ध्या फेऱ्यात होतं.

"कवापासून मालूम हाय तुले?" बाईंनी विचारलं.

"पैल्या सालापासून."

"मंग आवळला काहून नाई?"

"सगळेच करतात, मावशी. धंदाच तसा हाय. नट आवळत बसलं तं मेकॅनिकनं खायचं काय?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नगरसेवकाकडे, प्लास्टिकच्या फुलांकडे, श्यामशेटच्या पाठीकडे त्या ज्या नजरेनं पाहत, त्या नजरेनं त्यांनी चंदनकडे पहिल्यांदाच पाहिलं. चंदनला ते सोसलं नसावं. तो पाना खाली ठेवून पुटपुटला, "अन् आवळला असता, तं तू मले बोलावलं असतं काय? पाडव्याशिवाय कधी बोलावलं तू? यंत्र बिघडल्याबिगर कोनालेच बोलावत नाईस तू."

"निंग इथून," बाई म्हणाल्या.

तो निघाला. पाना तिथंच राहिला.

मसुद्याचं पुढे व्हायचं तेच झालं, म्हणजे त्याला मुदतवाढ मिळाली. श्यामशेटनी पेढे वाटले आणि संघटनेनं त्यांना शाल घातली. बर्फवाल्या मालकांनाही घातली. कंपनीच्या साहेबांचं म्हणे प्रमोशन झालं. पार्बताबाईंनी हे सगळं ऐकून नाक मुरडलं, पण पूर्वीसारखी त्यावर तासभर टीका केली नाही. शकुनकडून दूध आणायला त्या स्वतः जात, ते त्यांनी बंद केलं. कौशल्याला पाठवू लागल्या. त्या फ्रीजसमोर उभं राहायला त्यांना नको वाटे, आणि शकुनची माफी मागायची कशी हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. 'धंदाच तसा' या चंदनच्या उत्तरावर त्या मनातल्या मनात रोज थुंकत होत्या. दुसऱ्या उत्तरावर मात्र त्यांना काही करता येत नव्हतं. 'भैताड,' असं त्या पुटपुटायच्या. कुणाला ते कौशल्याला कळत नसे.

पाडवा आला. दुकानावर गुढी उभी राहिली, गाठ्या संपल्या, कडुनिंब संपला. दुपारी गर्दी ओसरली. बाईंनी सवयीनं पहाटे पुरण घातलं होतं, आणि आता पोळ्यांची चळत झाकून ठेवली होती. पाडव्याचं चांगलं लुगडंही त्या सवयीनंच नेसल्या होत्या. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की त्यांची मान वळे. गाडी पुढे निघून जाई.

"कौशल्या, थंडीत जाऊन पाह्य बरं. गारवा कमी झाला असंन."

कौशल्या जाऊन आली. "नाई बाई. झक्क गार हाय."

"यंत्राचा आवाज बदलला न?"

"नाई बा. तसाच हाय."

"पानी टपकत असंन खाली."

"कोरडं ठन्न हाय. कधी नाई ते इतकं मस्त चालून राहिलं."

बाई उठून स्वतः आत गेल्या. यंत्र गुरगुरत होतं. शेवंती टवटवीत होती. कोनाड्यात चंदनचा पाना पडला होता. तो त्यांनी उचलला आणि यंत्रामागच्या त्या नटाला लावला. अर्धा फेरा उलटा दिला, की बस. पण पाना त्यांनी फिरवला नाही. मग स्वतःकडेच त्यांनी जी नजर टाकली असेल ती पेठेतल्या एकाही गिऱ्हाइकाला झेपली नसती. पाना काढून त्यांनी कोनाड्यात परत टाकला, नट होता तसा ठेवला आणि बाहेर येऊन फोन उचलला.

"चंदन? थंडी बिघडली हाय. पार बंद पडली. सगळी फुलं वाया चालली. ये लवकर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाई, गॅसबिस काही आनू नको. बायकोले घेऊन ये."

आयुष्यात लबाडांना कधी उभं न केलेल्या बाईनं, भर पाडव्याला, गुढीखाली उभं राहून हे सांगितलं आणि फोन ठेवला. कौशल्या आ वासून बघत होती.

"बाई, थंडी तं चांगली चालून राहिली."

"तू चूप बस, बह्याड," पार्बताबाई म्हणाल्या. "अन् पाट मांड. दोन मांड."